जाळावरचा हात

अदाउतोने जाळावरून हात पुढे केला तेव्हा देल्झुइता मक्याची खीर खात होती. तिने वाटी माझ्याकडे दिली तेव्हाच मी ओळखलं. आपली उष्टी वाटी दुसऱ्याच्या हातात देणारी ती बाई नव्हे. हात मोकळा करायचा नसता तर तिने ती दिलीच नसती.

आमच्या वार्झिन्यात जूनमधल्या संत जुआंवच्या सणाला दिवेलागणीपासून अंगणाअंगणात जाळ पेटतात. त्या जाळावरून कोणी हात पुढे केला की तो धरायचा, नाही म्हणायचं नाही. हात धरून जाळाभोवती तीन फेरे घ्यायचे, संताचं नाव घेऊन शब्द बोलायचे, की झाली ती दोघं जन्मभराची कोमाद्रे-कोम्पाद्रे. पाद्रीबाबाने बाप्तिस्म्यात जोडून दिलेलं नातं एक वेळ विसरलं तरी चालतं, जाळावरचं नाही. त्या नात्यात भांडण नाही, चारचौघांत विरुद्ध बोलणं नाही, आणि संताचं नाव घेऊन मागितलेली गोष्ट नाकारणं तर नाहीच नाही. एका सणाला एकाच माणसाचा हात धरायचा, एवढी काय ती सूट. मी आणि देल्झुइता दुधाचे दात पडायच्या वयात कोमाद्रे झालो. त्या संध्याकाळी माझ्या फ्रॉकची किनार जळाली म्हणून आईने मला बदडलं, आणि देल्झुइता मधे पडून दोन धपाटे स्वतः खाऊन गेली. तिथून तुझं राजकारण सुरू झालं, असं मी तिला चिडवायचे.

अदाउतोची गोष्ट वेगळी. नदीपासून हमरस्त्यापर्यंतची कुरणं त्याची, गुरं त्याची, आणि नगरसभेचा अध्यक्षही तोच. कुरणांत बाबासूचे माड आहेत, नजर पोचेल तिथवर. ते कोणी लावलेले नाहीत. आमच्या आज्या त्यांची पडलेली फळं वेचून फोडत, गराचं तेल काढत, करवंट्यांचा कोळसा करत, आणि त्यावर पोरं वाढवत. मग अदाउतोच्या बापाने तारा ओढल्या. अदाउतोने फाटकांना कुलपं घातली. तारेखालून सरपटत जायचं, फळं वेचायची आणि गुराखी दिसला की टोपली टाकून पळायचं, असं आमचं आयुष्य गेलं. देल्झुइताची आई एकदा पळू शकली नाही. गुराख्याने तिची भरलेली टोपली ओतून त्यावर रॉकेल टाकलं आणि काडी लावली. मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं जळेपर्यंत तिला तिथे उभं केलं. देल्झुइता तेव्हा आईच्या घागऱ्याला धरून होती.

हे ती प्रत्येक भाषणात सांगायची. मला तोंडपाठ आहे, तरी दर वेळी डोळ्यांत पाणी येतं आणि मला त्याचा रागही येतो.

दोन पोरं झाल्यावर ती चर्चच्या पडवीत बसून लिहा-वाचायला शिकली. फळं फोडणाऱ्या बायकांची संघटना तिने उभी केली. पहिल्या निवडणुकीत तिला सख्ख्या नात्यातल्यांचीही मतं पडली नाहीत. दुसऱ्या वेळी आम्ही हात धुऊन मागे लागलो. मासळीवाल्याची गाडी मागून आणली, टपावर भोंगे बांधले, आणि माझी मुलगी जुसेलिया, तेव्हा शाळेत होती, भोंग्यातून गाणं म्हणत गावभर फिरली. "देल्झुइतामावशी आपली, टोपली तिची आपली." चाल कसलीतरीच होती, पण लोकांच्या तोंडात बसली. देल्झुइता नगरसेविका झाली.

पहिल्या दिवशी सभागृहात तिच्या खुर्चीवर कोणीतरी बाबासूचं फळ ठेवलं होतं. पुरुषमंडळी मिशीत हसत होती. तिने फळ उचलून पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "उपकार झाले, संध्याकाळचं तेल निघालं." मी वर प्रेक्षकांच्या बाकावर होते. मी एवढ्यांदा हसले की शिपायाने मला बाहेर काढलं.

तिला एकच गोष्ट करायची होती, मोकळ्या बाबासूचा कायदा. जमीन कोणाचीही असो, माडाखाली पडलेलं फळ वेचणारीचं. फाटकाला कुलूप नाही आणि माड तोडायचा नाही. नगरसभेत नऊ जण. तिला धरून चार तिच्या बाजूचे, अदाउतोला धरून चार त्याच्या. मधे राहिला पाववाला, जो सकाळी एक बोलायचा आणि पाव विकून झाल्यावर दुसरं. त्या जूनमध्ये पाववाला आमच्याकडे झुकायला लागला होता. आणि नेमका तेव्हाच अदाउतो, जो कधी आमच्या वस्तीत पाऊल ठेवत नसे, देल्झुइताच्या अंगणात येऊन जाळापलीकडे उभा राहिला.

"कोमाद्रे व्हाल माझ्या?" तो म्हणाला. त्या दिवसापर्यंत तो तिला "ए देल्झुइता" म्हणायचा.

मी तिच्या कानाशी लागले. "धरू नकोस. पोटात कळ आली म्हण, चक्कर आली म्हण, काहीही म्हण."

"संताच्या जाळावरून आलेला हात आहे, झुल्मिरा."

"हात काही संताचा नाहीये!"

"मग तोही बांधला जाईल की. त्याला काय वेगळा नियम आहे?" आणि वाटी माझ्याकडे देऊन ती पुढे झाली. तीन फेरे झाले, शब्द झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अदाउतोने वाकून तिच्या म्हातारीचा आशीर्वाद घेतला. त्याच म्हातारीचा, जिची टोपली जाळली होती. म्हातारीला आता नीट दिसत नाही. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्याच आठवड्यात फाटकांची कुलपं निघाली.

बायका नुसत्या हरखून गेल्या. दिवसाढवळ्या, गाणी म्हणत, डोक्यावर टोपल्या घेऊन कुरणात जायच्या. गुराखी टोपी काढून "या, या" म्हणायचे. कायद्याचं नाव कोणी काढेना. माझी जुसेलिया तोवर संघटनेत पुढे पुढे करायला लागली होती. ती म्हणाली, "मावशी, आता कायदा हवाच कशाला? नातं झालंय ना." आणि देल्झुइताने कायद्याचा कागद खरंच कपाटात ठेवून दिला. मी तिच्याकडची कॉफी बंद केली. रस्त्यात दिसली तर मान फिरवायचे. ज्याच्या गुराख्याने आईची टोपली जाळली त्याने बोटाला मध लावून पुढे केलं आणि माझी शहाणी कोमाद्रे ते चाटत बसली, असं मला वाटायचं, आणि जाळावरचा नियम विसरून मी ते चार जणींत बोलूनही दाखवलं.

जुलै संपता संपता दोना फिलोला फाटकावरून परत पाठवलं. दोना फिलो आमच्यातली सगळ्यांत म्हातारी, म्हणून मानाने तिला दोना म्हणायचं. अदाउतोचा पुतण्या महापौरपदासाठी उभा राहणार होता आणि त्याचं चित्र ज्या घरांच्या दारावर चिकटवलेलं नव्हतं त्या घरच्या बायकांना गुराखी आत सोडेनात. दोना फिलोच्या दारावर पूर्वीपासून देवीचं चित्र होतं, आणि देवीवर पुतण्या चिकटवायला ती तयार नव्हती. रिकामी टोपली मांडीवर घेऊन ती दुपारपर्यंत फाटकापाशी बसून राहिली.

संध्याकाळी देल्झुइता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"कॉफी टाक."

"तुझ्या कोम्पाद्रेकडे जा. त्याच्याकडे चांगली असेल."

"झुल्मिरा, टाक ना गं."

मी टाकली. तिने अर्धा पेला संपवला आणि म्हणाली, "गेले होते त्याच्याकडे. म्हणाला, कोमाद्रे, तुम्हाला फाटक सदैव उघडं. मी म्हटलं, आणि दोना फिलोला? तर म्हणाला, तुम्हीच सांगत जा ना, कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही ते." तिने झग्याच्या खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. फाटकाची किल्ली होती. "ही दिली. म्हणजे आता फाटकावर गुराखी नको, मीच आहे."

तिच्या तोंडाकडे बघून माझा सगळा राग जागच्या जागी जिरला. मी तिला सांगितलं होतं, मी म्हटलं होतं, असं बोलायला जीभ शिवशिवत होती, पण मी तिला भाकरी आणि तळलेले मासे वाढले. जेवून ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी कपाटातला कागद काढून तिने नगरसभेत दाखल केला.

मतदानाच्या दिवशी वरचे बाक बायकांनी गच्च भरले होते. टोपल्या मांडीवर. अदाउतोने वाद घातला नाही, भाषण केलं नाही. तो उठला, टोपी काढून छातीशी धरली आणि देल्झुइताकडे तोंड करून म्हणाला, "कोमाद्रे, संत जुआंवचं नाव घेऊन मागतो. हा कायदा मागे घ्या."

माझ्या शेजारच्या बाईने छातीवर क्रूस काढला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "संपलं. आता घ्यावाच लागणार." ते म्हणणारी आमच्यातलीच होती, आणि तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

देल्झुइता उभी राहिली. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती. "कोम्पाद्रे," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा सुरुवात केली. "कोम्पाद्रे, संताची माफी मी मागेन. तुमची नाही. कायदा मागे घेत नाही."

पाववाल्याने खाली बघत हात वर केला. पाच विरुद्ध चार. कायदा झाला.

एकीनेही टाळी वाजवली नाही. ज्यासाठी आमच्या आया रांगत तारेखालून गेल्या ते आमच्या पदरात पडलं आणि आम्ही मयतीहून परतावं तशा जिना उतरलो. मी एकटी ओरडले, "अगं जिंकलो ना!" तर दोना फिलो, जिच्यासाठी हे सगळं झालं ती दोना फिलो, मला म्हणाली, "संताच्या नावाला नाही म्हणाली गं ती. माझ्या कानांनी ऐकलं."

मला आजही समजत नाही, आणि समजून घ्यायचंही नाही. त्याच बायका त्याच कायद्याच्या जोरावर फाटकातून आत जायच्या, पुतण्याचं चित्र दारावर नसताना जायच्या, भरलेल्या टोपल्या घेऊन परतायच्या, आणि वाटेत देल्झुइता दिसली की तोंडं फिरवायच्या. जाळावरचा शब्द मोडला तिने, आपल्याला दिलेला कशावरून पाळेल? हे एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी गेलं. तिच्या सख्ख्या बहिणीने नातवाच्या बाप्तिस्म्याला तिला बोलावलं नाही. पुढच्या जूनला ती सगळ्यांच्या अंगणांतून फिरली, आणि तिच्यापुढे एकही हात आला नाही. अदाउतो मात्र भेटेल तिथे टोपी काढायचा. "कशा आहात, कोमाद्रे?" सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा. तिला "बरी आहे, कोम्पाद्रे" म्हणावं लागायचं.

त्यानंतरच्या वर्षी निवडणूक आली आणि माझी पोटची पोर उभी राहिली. संघटनेकडून, देल्झुइताच्या शेजारीच नाव, पण भोंग्यातून गाणं कोणतं? "जुसेलिया हात देते, दिलेला हात सोडत नाही." तोच आवाज, जो लहानपणी मावशीसाठी गायला होता. गाडी माझ्या दारावरून गेली तेव्हा मी भांडी आपटली.

"तुझ्या टोपलीत फळं कोणाच्या कायद्याने येतात गं?" ती जेवायला आल्यावर मी विचारलं.

"कायदा चांगला आहे, आई. बाई खोटी आहे."

"बाई तुला हवी तशी खरी असती तर कायदा कपाटातच असता."

"तू तिची कोमाद्रे. तू तेच बोलणार."

"हो, तेच बोलणार. आणि तू कोणाची आहेस?"

ती ताटावरून उठली. त्या निवडणुकीत जुसेलिया भरघोस मतांनी आली आणि देल्झुइता पडली. तिने कुऱ्हाड पुन्हा काढली. जमिनीवर बसून कुऱ्हाडीचा दांडा मांडीखाली दाबायचा, पातं वर, पात्यावर फळ धरायचं आणि सोट्याने हाणायचं. इतक्या वर्षांच्या खुर्चीने तिचे हात मऊ झाले होते. पहिला महिना ती बोटांना चिंध्या बांधून काम करत होती. मी शेजारी बसायचे. दुसरं कोणी बसत नसे.

अदाउतो पुन्हा अध्यक्ष झाला होता. वर्ष पालटलं, आमच्याकडे मे महिन्यात संपणारा पावसाळाही सरला, आणि मग बातमी फुटली की कायदा रद्द करायचा ठराव येतोय. पुन्हा चार इकडे, चार तिकडे. पाववाला आता पक्का त्याचा झाला होता. मधे राहिली ती माझी जुसेलिया. तिला जो तो विचारायचा आणि ती सांगायची, "कायद्याला हात लावू देणार नाही." मी म्हटलं, चला, पोरीत काहीतरी शिल्लक आहे.

मग जून आला. त्या वर्षी मोठा जाळ माझ्या अंगणात होता. मी मक्याची खीर केली होती, केक केला होता, आणि सगळी वस्ती जमली होती. देल्झुइता कुंपणाशी उभी होती, एकटी. मी दोनदा बोलावलं तरी जाळाजवळ येईना. अदाउतो आला. केकचा तुकडा खाल्ला, माझ्या हाताच्या चवीची तारीफ केली. बोटं पुसली. आणि जाळापलीकडे जाऊन हात पुढे केला.

"जुसेलियाबाई, कोमाद्रे व्हाल माझ्या?"

शब्दसुद्धा तेच. त्याला नवीन शब्द शोधायची गरजही वाटली नाही.

जाळाच्या उजेडातही माझ्या पोरीचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. न धरावा तर गावभर भोंग्यातून म्हटलेलं गाणं खोटं, वर संताचा अपमान. धरावा तर पुढच्याच महिन्यात तो सभागृहात टोपी काढून संताचं नाव घेणार. तिने इकडेतिकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. ती कुंपणाकडे बघत होती.

गर्दी बाजूला सारत देल्झुइता आली. अदाउतोच्या शेजारीच उभी राहिली आणि तिने आपला हात जाळावरून पुढे केला.

"जुसेलिया, माझाही हात आहे," ती म्हणाली. "दोन्ही धरता येत नाहीत."

कोणीतरी फिस्कन हसलं. "हिचा हात? हिच्या हाताला काय किंमत राहिलीय?"

"नाहीच राहिली," देल्झुइता म्हणाली. तिने हसणाऱ्याकडे पाहिलंही नाही. "म्हणून तर आणला. मला हिच्याकडे नंतर संताच्या नावाने काही मागता यायचं नाही."

अदाउतो हळू आवाजात म्हणाला, "कोमाद्रे, बाजूला व्हा."

ती झाली नाही. दोन हात जाळावर होते आणि ज्वाळा चांगल्या हातभर वर येत होत्या. जुसेलियाने देल्झुइताचा हात धरला.

तीन फेरे झाले. कोणी गाणं म्हटलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. फक्त लाकडं तडतडत होती. मग शब्द बोलायची वेळ आली. संताला साक्ष ठेवून, जन्मभर, न मोडता. आणि देल्झुइताची जीभ वळेना. सगळं गाव बघत होतं. तिच्या तोंडून "न मोडता" कसं निघणार? ती ओठ हलवत होती आणि आवाज येत नव्हता. तेव्हा जुसेलियाने, जिने हिला गावभर खोटी म्हटलं होतं तिनेच, ते शब्द मोठ्याने म्हटले, एक एक करून, आणि प्रत्येक शब्दानंतर देल्झुइता म्हणेपर्यंत थांबली. लहान पोरांना प्रार्थना शिकवतात तसं. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही.

अदाउतोचा हात तोवर तिथेच होता. मग त्याने तो मागे घेतला. मनगटावरचे केस जळल्याचा वास मला आला. जाताना त्याने टोपी काढली नाही.

ठराव आला तेव्हा जुसेलियाने त्याला मत दिलं नाही, आणि कायदा राहिला. फाटकं अजून उघडी आहेत. जुसेलिया पुढच्या निवडणुकीत पडली. अदाउतोचा हात नाकारला हे लोक विसरले नाहीत. देल्झुइता पुन्हा कधी उभी राहिली नाही, आणि संत जुआंवच्या सणाला ती आता घराबाहेर पडत नाही. दार लावून घेते. बाहेर वस्तीभर जाळ असतात आणि तिच्या घरात दिवाही नसतो.

आता आम्ही तिघी एकत्र बसतो, मी, ती आणि जुसेलिया, अदाउतोच्या कुरणात, त्याच्या माडाखाली. परवा मी सहज विचारलं, "काय गं, संताची माफी मागून झाली का?"

तिने पात्यावर फळ धरलं, सोटा उचलला. "अजून मागतेय," म्हणाली, आणि हाणलं.